दोन बिजागऱ्यांचा जबडा: चोणकाच्या मुंडीपासून सुरुवात करून मॉर्गन्युकोडॉन घरी कसा करायचा

भाची आठवीत, शाळेत विज्ञान प्रदर्शन, आणि वर्गातल्या निम्म्या पोरांचा ज्वालामुखी आधीच ठरलेला. खायचा सोडा आणि व्हिनेगर. तिला म्हटलं ज्वालामुखी नको गं, जबडा करूया. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दातांच्या डॉक्टरचं दुकान काढतेय. पण केला, आणि दोनदा फसून तिसऱ्यांदा जमला, म्हणून हे सगळं लिहितेय, म्हणजे तुमचं तरी पहिल्या फटक्यात जमेल.

आधी हा प्राणी कोण ते थोडक्यात. मॉर्गन्युकोडॉन म्हणजे साधारण 20 कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या घरात भिंतीच्या कडेकडेनं पळते ना ती चिचुंद्री, जवळजवळ तेवढा आणि तशाच तोंडाचा जीव. डायनासोर नुकते हातपाय पसरत होते त्या काळातला. त्याच्या नावावरून अख्ख्या कुळाला मॉर्गन्युकोडॉन्टिड म्हणतात. हे कुळ कधीच संपलं, पण सस्तन प्राण्यांच्या अगदी जवळच्या भावकीतलं. वेल्समधल्या ग्लॅमॉर्गन भागात चुनखडीच्या भेगांमध्ये याचे दात आणि हाडांचे तुकडे हजारोंनी मिळाले, वॉल्टर क्यूने यांनी 1949 साली नाव ठेवलं, नावात तो 'मॉर्गन' तिथूनच आलाय. पुढे चीनमध्ये युन्नानच्या लुफेंगला याच्या भावाची अख्खी कवटी मिळाली.

आणि भारतातही हे कुळ आहे बरं का. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठावर कोटा नावाचं गाव आहे (राजस्थानातलं क्लासवालं कोटा नव्हे), त्याच्या नावानं ओळखले जाणारे जे खडक आहेत त्यातून इंडोझोस्ट्रोडॉन नावाचा यांचा नातलग सापडलाय, आणि मध्य प्रदेशात टिकीच्या खडकांतून गोंडवानाडॉन, तो 1996 साली जाहीर झाला. दोन्ही सुट्या दातांवरून ओळखलेले. माती धुवायची, चाळणीतून गाळायची, खाली उरेल ते सूक्ष्मदर्शकाखाली निवडत बसायचं, तांदूळ निवडल्यासारखं, तेव्हा कुठे मिलिमीटर दोन मिलिमीटरची दाढ हाती लागते.

मग लगेच भाचीचा प्रश्न, आपल्याकडे सड्यावर जाऊन शोधूया का? नाही. गोव्यात हे मिळणार नाही, उगाच उन्हातान्हात पोरांना घेऊन फिरू नका. आपला खालचा खडक अब्जावधी वर्षं जुना, पार भाजून दाबून निघालेला, तेव्हा हाडवाले प्राणीच नव्हते. वरचा जांभा म्हणजे खडक कुजून तयार झालेला, चिरे काढायला उत्तम, हाड टिकायला वाईट. सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाला थोडा दख्खनचा काळा पाषाण लागतो पण तो लाव्हा, आणि तोही या प्राण्यानंतर तेरा-चौदा कोटी वर्षांनी आलेला. म्हणजे गोव्यात मॉर्गन्युकोडॉन हवा तर तो करावाच लागतो. सामान मात्र आपल्याकडे भरपूर, कारण सुरुवात मासळी बाजारातून होते.

पहिलं काम, चोणक खा

खरंच. मोठ्या चोणकाची मुंडी आणायची, तांबसोची पण चालेल. पण जून-जुलैत ट्रॉलरबंदी असते 61 दिवस, तेव्हा मोठी मुंडी मिळाली तरी भाव ऐकून प्रदर्शनाचा विचार सोडाल, म्हणून ऑगस्टनंतरच करा. नुस्तं म्हणजे मासळी कापणाऱ्या बाईला आधीच सांगा की तोंड फोडू नको, नाहीतर ती सवयीनं सुरी मधोमध घालते. आणि हुमणात घालू नका लगेच, आमसुलं-चिंचेत शिजलेलं हाड लाल-तपकिरी होतं आणि मऊ पडतं. साध्या पाण्यात, उकळी आली की चार-पाच मिनिटं, बस. जास्त शिजवलं तर सांधे सुटून सगळी हाडं पातेल्यात तरंगायला लागतात आणि कुठलं कुठे होतं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. मांस हुमणात गेलं, हाडं आपल्याकडे.

आता खालचा जबडा एका बाजूनं हातात धरा आणि हळूहळू वेगळा करा. पुढे दातांचं हाड, डेंटरी. चोणकाचे दात दिसत नाहीत पण बोट फिरवलं तर काचपेपरसारखे लागतात. हे हाड मागच्या बाजूला इंग्रजी व्ही सारखं उघडं असतं आणि त्या खाचेत मागून दुसरं हाड बाणासारखं घुसलेलं असतं, ते ओढलं की सरकून बाहेर येतं. हे आर्टिक्युलर. त्याच्या मागच्या टोकाला एक खोलगट खाच असते, आणि त्या खाचेत वरून पंख्याच्या आकाराच्या एका हाडाचा कोपरा येऊन बसतो. तो पंखा म्हणजे क्वाड्रेट. माशाची बिजागरी ती, आर्टिक्युलर आणि क्वाड्रेट. सरडा, मगर, कोंबडी यांचीही तीच. कोंबडीची मुंडी मिळाली तर तीही बघा, पण तिचा जबडा चिकटून एकसंध झालेला असतो, सुटा होत नाही, म्हणून मासाच बरा.

एक करा, नेलपॉलिश घ्या. डेंटरीला पिवळा (पिवळं मिळत नसेल तर पोस्टर कलर), आर्टिक्युलरला लाल, क्वाड्रेटला निळा. हेच रंग शेवटपर्यंत ठेवायचे. प्रदर्शनात सगळ्यात जास्त काम या रंगांनीच केलं, कारण लॅटिन नावं ऐकून माणसांचे डोळे काचेचे होतात पण 'हे लाल बघा कुठे गेलं' म्हटलं की लोक वाकून बघतात.

आमची पहिली मुंडी मांजरानं नेली. वाळत ठेवली होती न्हाणीच्या पत्र्यावर. आता सांगते, जाळीच्या कपाटात वाळवा.

दुसरं काम, बकऱ्याची मुंडी

मटणवाल्याकडून बकऱ्याचा खालचा जबडा मागा, अख्खी मुंडी नको, नुसता जबडा, तो बहुतेक वेळा फुकटात देतो आणि वर विचारतो कुत्र्याला का म्हणून. मंद आचेवर तासभर-दोन तास उकळा, मांस सुटलं की जुन्या टूथब्रशनं घासा. ब्लीच वापरू नका, हाड नंतर भुसभुशीत होतं. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, 3 टक्केवालं, रात्रभर बुडवून ठेवा, पांढरंशुभ्र निघतं.

मग दोन्ही जबडे शेजारी ठेवा. बकऱ्याच्या एका बाजूला हाड किती? एकच. पुढच्या दातापासून मागच्या गुठळीपर्यंत सलग एक हाड, सगळं डेंटरी, सगळं पिवळं. लाल कुठेच नाही. आणि बिजागरी मागे थेट कवटीच्या हाडाशी, त्या हाडाला स्क्वामोसल म्हणतात, त्याला आपण हिरवा रंग देऊ. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा, बोटाखाली जे हलतं ते तुमचं डेंटरी हिरव्यावर फिरतंय.

मग लाल आणि निळं गेलं कुठे? कानात. आपल्या मधल्या कानात तीन हाडं असतात ना, हातोडा, ऐरण आणि रिकीब, त्यातला हातोडा म्हणजे माशाचं लाल आर्टिक्युलर आणि ऐरण म्हणजे निळं क्वाड्रेट. हे कुणी जीवाश्म बघून आधी सांगितलं नाही, जर्मनीत कार्ल राइखर्ट यांनी 1837 साली भ्रूण बघून सांगितलं, कारण गर्भात हातोडा जबड्याच्या कूर्चेला जोडूनच तयार होतो आणि मग सुटतो. म्हणजे तुमच्या आमच्या बाबतीतही आईच्या पोटात काही आठवडे ते जबड्यालाच चिकटलेलं होतं.

मग साहजिक शंका येते, की बिजागरी बदलली कशी? अर्धी बिजागरी घेऊन कुणी जेवत नाही. मधल्या काळात त्या जनावरानं खाल्लं काय? याचं उत्तर म्हणजे मॉर्गन्युकोडॉन. त्याला दोन्ही होत्या. एकाच वेळी, शेजारी शेजारी. बाहेरच्या बाजूला नवी, पिवळा-हिरवा. आतल्या बाजूला जुनी, लाल-निळा. हे आपण पुठ्ठ्यात करायचं.

पुठ्ठा कापणे

खरा जबडा दोनेक सेंटीमीटर, आपण पंधरापट मोठा करू, म्हणजे 30 सेंटीमीटर, एक फूटपट्टी. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या. प्रत्येक तुकडा दोन थरांचा करा, आणि एका थराच्या आतल्या नळ्या आडव्या असतील तर दुसऱ्याच्या उभ्या येतील असे चिकटवा, नाहीतर मधोमध वाकतो. पावसात करत असाल तर फेव्हिकॉल वाळतच नाही, आमचा दोन दिवस ओलाच, तिसऱ्या दिवशी बुरशी. शेवटी गॅसजवळ नाही, फ्रीजच्या मागे गरम हवा येते तिथे ठेवला आणि वाळला. सनबोर्ड परवडत असेल तर सरळ तोच घ्या.

एकच बाजू करा, डावी. दोन्ही करायच्या भानगडीत पडलात तर आतलं कुणाला दिसणारच नाही.

पिवळा तुकडा, डेंटरी: पुढून 4 सेंटीमीटर उंचीची लांब पट्टी, मागच्या तिसऱ्या भागात वर चढत जाणारा उंच पंखा, होडीच्या शिडासारखा, टोकापर्यंत साधारण 12 सेंटीमीटर. तिथे चावायचे स्नायू लागतात. शिडाच्या मागे, दातांच्या रेषेच्या थोडं वर, एक गोल गुठळी काढा रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी. ती नवी बिजागरी. आतल्या बाजूला, दातांच्या खालून मागे गुठळीपर्यंत, दोन बारीक पट्ट्या समांतर चिकटवून एक पन्हळ करा. ही पन्हळ विसरू नका, खऱ्या जीवाश्मात ती अशीच दिसते, लाल हाडं नुसती निखळून हरवली असली तरी त्यांची जागा उरते आणि त्यावरून ओळखतात.

लाल तुकडा: 15-16 सेंटीमीटरची बारीक कांडी, त्या पन्हळीत बसेल अशी, मागच्या टोकाला छोटी गोल गुठळी. खरं तर ही एक कांडी म्हणजे चार-पाच हाडांची जोडकांडी आहे, आर्टिक्युलर फक्त मागचं टोक, पण आठवीच्या प्रदर्शनाला एक लाल पुरे. खालच्या बाजूला एक आकडा ठेवा, हा आकडा म्हणजे अँग्युलर नावाचं हाड, त्याचं काम पुढे येतंय. कांडी चिकटवू नका हं! पन्हळीत वेल्क्रोच्या दोन तुकड्यांवर बसवा, काढता-घालता आली पाहिजे.

दातांना एम-सील उत्तम, हाताला मोजे घाला. पुढे बारीक पटाशीचे, मग एक ठळक सुळा, मग उपदाढा एकेका सुळक्याच्या, आणि मागे दाढा, आणि दाढेचे तीन सुळके एका ओळीत, मधला मोठा, डोंगररांग काढतात तशी. बकऱ्यासारखी चपटी दाढ करू नका, हा किडे खाणारा प्राणी. दातांवरच्या झिजेवरून आणि जबड्याच्या ताकदीवरून असं दिसतं की भुंग्यांसारखे कडक कवचाचे किडे हा फोडू शकत होता, तर तिथेच वेल्समध्ये राहणारा क्यूनिओथेरिअम नावाचा त्याचा शेजारी मऊ किड्यांवर होता. हे मला फार आवडलं, एकाच जागी दोन चिचुंद्र्या आणि दोघींचं ताट वेगळं.

वरचा तुकडा, कवटी: पूर्ण कवटी काढायची हौस असेल तर काढा, नाहीतर नुसती एक आडवी पट्टी आणि मागे तिला लोंबणाऱ्या दोन जिभा. बाहेरची हिरवी, स्क्वामोसल. आतली निळी, क्वाड्रेट, ही लहान करा. दोघींच्या मध्ये जबडा जाईल एवढी फट.

बोल्ट, आणि आमचं कुठे चुकलं

आम्ही पहिल्यांदा दोन बिजागऱ्या म्हणून दोन बोल्ट घातले. एक पिवळ्या गुठळीत, एक लाल गुठळीत, मध्ये दोन सेंटीमीटर अंतर. घट्ट केले आणि तोंड उघडेना. जोर लावला तर पुठ्ठा फाटला. मी म्हटलं बोल्ट गंजका असेल, तेल घातलं, पुठ्ठ्याला तेल, काय सांगू. भाची म्हणाली, मावशी, दाराला बिजागऱ्या दोन असतात पण त्या एका सरळ रेषेत असतात ना? एक वर एक खाली. एक पुढे एक मागे लावली तर दार उघडेल का?

बस. हेच ते. दोन सांधे असले तरी फिरायचा आस एकच लागतो. खऱ्या प्राण्यातही ते एकामागे एक नव्हते, शेजारी शेजारी होते, एक बाहेर एक आत, म्हणून दोन्ही एकदम फिरू शकत. मी चार ठिकाणी वाचलं होतं 'दुहेरी सांधा' म्हणून, आणि डोक्यात शिरलं ते फाटलेल्या पुठ्ठ्यानंतर.

तर दुसऱ्यांदा असं करा: एकच लांब बोल्ट, दोन-अडीच इंची, आणि त्यात बाहेरून आत या क्रमानं ओवायचं. हिरवी जीभ, पिवळी गुठळी, मध्ये दोन वायसर, लाल गुठळी, निळी जीभ, नट. भोकं दाभणानं पाडा, कटरनं पाडलेली चौकोनी होतात आणि जबडा खडखडतो. सगळी भोकं एकदम पाडायची असतील तर तुकडे एकावर एक ठेवून क्लिप लावून आरपार टोचा. नट फार आवळू नका, अडकित्ता कसा फिरतो तेवढं सैल. आम्ही दुसऱ्यांदाही फसलो ते वायसर न घालता, पिवळा आणि लाल एकमेकांना घासून रंग खरवडला. वायसर घाला.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी शिडाच्या टोकापासून वर कवटीच्या पट्टीला बांधा, तोंड सोडलं की फट्कन मिटतं. लहान पोरं बोट घालतात आत, घालू दे.

कान

आता त्या लाल आकड्यावर एक बांगडी अडकवा. प्लास्टिकची, हलकी. बांगडीवर फुगा कापून ताणून बसवा, डफासारखा. हा कानाचा पडदा. आपल्या पडद्याभोवती जी हाडाची कडी असते ती या अँग्युलरपासूनच आलीय. फुग्यावर चिमूटभर बारीक रवा टाका आणि जवळ तोंड नेऊन खालच्या आवाजात 'ओऽऽ' म्हणा. रवा नाचतो. मग सांगायचं की ही थरथर लाल कांडीतून निळ्यात, निळ्यातून आत कानात. म्हणजे त्याचं लाल-निळं दोन कामं एकदम करत होतं, चावतानाही टेकू देत होतं आणि ऐकवतही होतं. त्या बारक्या जीवाला रात्री किडे हुडकायचे तर ऐकायला येणं फार गरजेचं.

आणि शेवटची गंमत, ज्यासाठी वेल्क्रो लावलं: लांब बोल्ट काढा, लाल कांडी आणि निळी जीभ अलगद काढून घ्या, आता आखूड बोल्ट फक्त हिरव्या-पिवळ्यात घाला. तोंड तसंच उघडतं, तसंच मिटतं. शेजारी बकऱ्याचा जबडा ठेवा. झालं. नवी बिजागरी भार पेलायला लागल्यावर जुनी सुटी झाली तरी जेवण अडत नाही, ती पुढे फक्त ऐकायच्या कामाला लागली. निळी जीभही वेल्क्रोवरच ठेवा हे मी वर सांगायला विसरले.

परीक्षक काय विचारतात

हा उंदीर का? नाही, उंदीर फार नंतरचा, आणि उंदराचे पुढचे दात वेगळे. मग सस्तन आहे का? इथे गोंधळू नका. जबड्याच्या नव्या सांध्यावरून काहीजण याला सस्तन म्हणतात, पण आज जिवंत असलेल्या सस्तनांचा जो सामाईक पूर्वज, त्याच्या खालचेच खरे सस्तन असं धरलं तर हा जरा बाहेर राहतो, सख्खा नव्हे, चुलत. दोन्ही उत्तरं सांगा. दूध पाजत होता का? दूध काही जीवाश्मात राहत नाही, पण याचे दात आपल्यासारखे एकदाच पडून नवे येत, सरड्यासारखे आयुष्यभर नाही, आणि तान्ह्याला दात उशिरा आले तरी चालतात ते दूध असलं तरच, म्हणून पाजत असावा.

आमच्या परीक्षकांनी एक खोचक विचारलं, किती वर्षं जगायचा? भाचीला ते पाठ होतं, नशीब. दाताच्या मुळावर दरवर्षी एक थर चढतो, झाडाच्या खोडात असतो तसा, ते थर शक्तिशाली क्ष-किरणांनी मोजून 2020 साली कळलं की मॉर्गन्युकोडॉन 14 वर्षांपर्यंत जगत होता आणि तो शेजारी क्यूनिओथेरिअम 9. आजची एवढीशी चिचुंद्री दोनेक वर्षांत संपते. म्हणजे दिसायला चिचुंद्री असला तरी अंगातला कारभार सरड्यासारखा, सावकाश चालणारा. परीक्षक म्हणाले, म्हणजे तुझ्याएवढा होऊन मरायचा. ती म्हणाली, सर, मी तेरा.

नंबर दुसरा आला. पहिला ज्वालामुखीला, जाऊ दे.

नेताना जबडा उघडा ठेवून नेऊ नका, ट्यूबची पट्टी सोडवून ठेवा नाहीतर बसमध्ये धक्क्यानं शीड वाकतं. माशाची हाडं कापसात घालून स्टीलच्या डब्यात, वाळली नसतील पूर्ण तर मुंग्या येतातच, दोन लवंगा टाका. आणि डब्यावर ठळक अक्षरात लिहा काय आहे ते, आमच्याकडे भावोजींनी चतुर्थीची नेवरी समजून उघडला.